पिकअपचे डिफरन्शियल प्रथमच खोलताना

चंद्रपूर-गडचिरोली भागात पिकअप गाडीवर अनेक कुटुंबांचे पोट चालते. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही, हे आम्ही बँकेच्या काउंटरवरून पाहतो. म्हणून तरुणांनी हे काम शिकावे असे आम्हांस वाटते.

वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. हा फरक सांभाळणारी दातेरी चाकांची योजना म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्सचे ओनेसिफोर पेकर यांनी १८२७-२८ च्या सुमारास तिचे पेटंट घेतले.

आपल्याकडे पावसाळ्यात गाडी नाल्यातून काढावी लागते. तापलेला एक्सल पाण्यात निवताच ब्रीदर किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ होते, बेअरिंग गंजतात व गाडी घुमू लागते.

कामाचा क्रम असा :

१) पुढच्या चाकांना ठोकळे लावून, गाडी घोडीवर टेकवून तेल काढावे.

२) बेअरिंगच्या कॅपवर डावी-उजवी खूण करावी, अदलाबदल चालत नाही.

३) क्राऊन व पिनियन जोडीनेच बदलावेत, ते एकमेकांशी जुळवलेले असतात.

४) दातांमधील मोकळीक डायल गेजने मोजून शिमने पुस्तिकेतील मापात आणावी. हे माप मिलिमीटरच्या शतांशांत असते, तेथे अंदाज चालत नाही.

५) दातांना रंग लावून फिरवावे. ठसा मध्यावर उमटला तरच पुढे जावे.

६) शेवटी नवे सील व सांगितलेलेच गिअर तेल घालावे.

पहिले काम जाणत्या मिस्त्रींच्या देखरेखीखाली करावे. मोजून केलेले काम टिकते.