तरफेचा हिशेब

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत तरफेचें प्रकरण आलें कीं पुष्कळजण आकृति पाठ करून मोकळे होतात. परंतु तरफ ही आपल्या घरीं, शेतांत व बाजारांत नित्य वावरणारी वस्तु आहे. एका स्थिर बिंदूभोंवतीं फिरूं शकणारा ताठ दांडा म्हणजे तरफ. त्या बिंदूस टेकू म्हणतात. जें उचलावयाचें वा कापावयाचें तो भार, आणि हातानें लावावयाचें तें बल. टेकूपासून बलापर्यंतचें अंतर ही बलभुजा व भारापर्यंतचें अंतर ही भारभुजा. बल व बलभुजा यांचा गुणाकार भार व भारभुजा यांच्या गुणाकाराबरोबर असतो. ग्रीक गणिती आर्किमिडीज यानें हा नियम इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत सिद्ध करून दाखविला.

१५० सेंटिमीटर लांबीची पहार घ्या. तिचें टोंक दगडाखालीं सारून टोंकापासून १५ सेंटिमीटरांवर टेकूसाठीं एक लहान धोंडा ठेवा. बलभुजा १३५ सेंटिमीटर, म्हणजे भारभुजेच्या ९ पट झाली. आतां २० किलो वजनाइतका जोर १८० किलोंचा भार तोलून धरील. ही शक्ति आली कोठून? कोठूनहि नाहीं. दगड २ सेंटिमीटर वर येतो तेव्हां हात १८ सेंटिमीटर खालीं जातो. जोर जितक्या पटीनें वांचला, तितक्याच पटीनें हाताची वाटचाल वाढली.

अडकित्त्यांत टेकू एका टोंकास, सुपारी मध्यें व मूठ दुसऱ्या टोंकास असते. सुपारी खिळीपासून २ सेंटिमीटरांवर व मूठ १२ सेंटिमीटरांवर असेल, तर सुपारीवर ६ पट दाब पडतो. तीच सुपारी पात्याच्या टोंकाकडे सरकविली तर मूठ कितीहि आवळली तरी ती दाद देत नाहीं. कात्रीचा टेकू मध्यें असतो. शिंप्यास मऊ कापड झपाट्यानें कापावयाचें असतें, म्हणून त्याच्या कात्रीचीं पातीं लांब. पत्रा कापावयाच्या कात्रीचीं पातीं आंखूड व दांडे लांब.

चिमट्याची गोष्ट उलट आहे. तेथें बोटें मध्यें व निखारा टोंकास, त्यामुळें जोर उलट घटतो. तरीहि चिमटा आपण वापरतों, कारण हात विस्तवापासून दूर राहतो आणि बोटांच्या अल्प हालचालीनें टोंकें पुष्कळ हलतात. आपला बाहूहि याच जातीचा आहे. कोपर हा टेकू, त्याच्या थोडें पुढें स्नायूची ओढ, आणि भार पार तळहातावर. स्नायूस भाराच्या कित्येक पट ओढ घ्यावी लागते, पण हात चपळ होतो.

दांडीचा तराजू हीहि तरफच. रिकामीं पारडीं समतोल दिसलीं एवढ्यानें तो खरा ठरत नाहीं. आंखूड भुजेकडचें पारडें जड करून दांडी सरळ करतां येते. समजा, वजनांकडची भुजा १९ सेंटिमीटर व मालाकडची २० सेंटिमीटर आहे. १ किलोच्या वजनाशीं ९५० ग्रॅम मालच समतोल होईल आणि गिऱ्हाइकाचे ५० ग्रॅम बुडतील. परीक्षा सोपी आहे : माल व वजनें यांची पारडीं बदला. भुजा सारख्या असतील तर दांडी सरळ राहील. नसतील तर वजनांचें पारडें तत्काळ खालीं जाईल.

सारांश, तरफ कोणास फुकट कांहीं देत नाहीं. ती एक घेऊन दुसरें देते. म्हणून कोणतेंहि हत्यार उचलतांना तीन प्रश्न मनांत आणावे : टेकू कोठें, भार कोठें आणि माझा हात कोठें? हा हिशेब ज्यास कळला, त्याचे श्रम वांचतात, हत्यार टिकतें, आणि बाजारांत त्यास फसविणें सोपें राहत नाहीं.