ड्राइव्हमधील बिघाडाचे निदान

मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह ‘ओव्हरकरंट’ दाखवून थांबला, की दोष बहुधा मोटारीच्या माथी मारला जातो. आमच्या इतिहासात प्रत्येक साक्ष स्वतंत्र तपासतात. कारखान्यांत रुजू झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी येथेही तेच करावे.

प्रथम पुरवठा तोडावा, पण झाकण लगेच उघडू नये. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमधील कपॅसिटरांत सुमारे ५८५ व्होल्ट डीसी साठलेला असतो व दिवे विझल्यावरही तो प्राण घेऊ शकतो. उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून मीटरवर तो उतरल्याची खात्री करावी.

मग पुरवठ्याच्या व मोटारीच्या तारा सोडवून डीसी बसपासून प्रत्येक टोकाची डायोड-चाचणी घ्यावी. दोन्ही दिशांनी शून्य आल्यास रेक्टिफायर किंवा आयजीबीटी जळाला आहे. तेव्हा नुसता फ्यूज बदलून वीज देऊ नये. मापे जुळल्यास मोटारीविना ड्राइव्ह चालवावा. तरीही तो थांबला, तर दोष आतच आहे.