वतनावर सोडलेलें पाणी

भोर तालुक्यांतील आंबवडे गांवीं कान्होजी जेधे यांची समाधि आहे. रोहिड खोऱ्याच्या ह्या देशमुखाचें चरित्र आज आपण अभ्यासूं.

१६५९ सालीं अफझलखान शिवाजीराजांवर चालून आला. खानास सामील व्हावें, असें आदिलशाही फर्मान मावळच्या देशमुखांस आलें. उत्रवळीचा खंडोजी खोपडे खानास मिळाला. कान्होजी मात्र पांच पुत्रांसह राजांकडे गेले, फर्मान पुढें ठेविलें, आणि हातावर पाणी घेऊन तें आपल्या वतनावर सोडलें. वतन म्हणजे उत्पन्न, मान व कुळाचें नांव. दिल्या शब्दासाठीं त्यांनीं तेंही त्यागिलें.

१० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं खान मारला गेला. पुढें जीव वांचवावा म्हणून खंडोजीनें कान्होजींचाच आश्रय शोधिला. कान्होजींनीं राजांकडे रदबदली केली. खंडोजीचा एक हात व एक पाय गेला, परंतु प्राण वांचले.

स्वतः निष्ठा न सोडणारा मनुष्य पुष्कळदां निष्ठा सोडणाऱ्याविषयीं कठोर होतो. कान्होजी तसे झाले नाहींत. ह्यांतच त्यांची थोरवी आम्हांस दिसते.

मननार्थ प्रश्न :
१. वतन सोडणें इतकें कठीण कां होतें?
२. आपला पक्ष सोडून गेलेल्या शेजाऱ्यासाठीं आपण शब्द टाकूं काय?