गळती, दुरुस्ती आणि राष्ट्रीय उत्पन्न

चेन्नईलगतचे आवडी हे नाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना १९५५ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे परिचित आहे. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव तेथेच संमत झाला. २०१९ मध्ये आवडीला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात चेन्नईचे प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले. अशा परिसरात नळाची गळती हा आर्थिक प्रश्न ठरतो. सेकंदाला एक थेंब गळतो आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो असे धरल्यास दिवसाला सुमारे ४.३ लिटर, म्हणजे वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक पाणी वाया जाते.

यावरील तातडीचा उपाय म्हणजे स्वतःशीच एकजीव होणारी सिलिकॉन टेप होय. तिला गोंद नसतो. ताणून गुंडाळल्यावर तिचे थर एकमेकांत मिसळून जलरोधक आवरण तयार होते. पाणी बंद करून नळ कोरडा पुसावा, टेप दुप्पट-तिप्पट ताणावी आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवावा. ऊन व उष्णता ती सोसते. टोकदार वस्तूने मात्र फाटते. अधिक दाबाच्या जलवाहिनीवर हा उपाय तात्पुरताच असतो.

राष्ट्रीय लेख्यांत कुटुंबाने घेतलेली टेप अंतिम उपभोगात मोडते. पाणीपुरवठा संस्थेने नित्य देखभालीसाठी घेतलेली टेप मध्यवर्ती उपभोगात मोडते. जलवाहिनीचे आयुष्य वाढविणारी मोठी दुरुस्ती ही भांडवलनिर्मिती होय. मीटर नसेल तर वाचलेले पाणी मात्र कोणत्याच रकान्यात दिसत नाही. देखभालीच्या तरतुदीला कात्री लावणे सोपे जाते, ते यामुळेच.