ऑपरेशनची तारीख ठरली, पण मन धास्तावलंय?



मुलं पुरे, असं उभयतांनी ठरवलं. आरोग्य केंद्रात नाव दिलं, तारीख मिळाली. आणि त्या दिवसापासून झोप उडाली, जेवण जाईना, छातीत धडधड सुरू. असं पुष्कळांचं होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण ही भीती पोटात ठेवून टेबलावर जाऊ नका. नसबंदीत बहुधा तेवढीच जागा बधिर करतात, माणूस जागा असतो. घाबरलेला माणूस अंग आखडून धरतो, त्याची नाडी जोरात चालते, दुखणंही जास्त जाणवतं. म्हणून नर्सबाईंना, आशाताईंना, डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

पुरुषमंडळी विचारत नाहीत, मनात मात्र धरतात : ताकद जाईल का? नाही. बीज नेणारी नळी तेवढी बंद होते, अंडकोष शाबूत राहतात. पुरुषत्व पूर्वीसारखंच. बिनटाक्याच्या पद्धतीत त्याच दिवशी घरी जाता येतं. त्यानंतर तीन महिने निरोध वापरावा आणि मग वीर्य तपासून घ्यावं. स्त्रीच्या ऑपरेशनात गर्भाशय काढत नाहीत. पाळी येत राहते. दोन दिवस विश्रांती, मग हलकी कामं. पाण्याचा हंडा, गवताचा भारा दोन आठवडे नको. तोवर हंडा कोण आणणार, हे कारभाऱ्यांनी आधीच सांगून टाकावं. बाईचा खरा घोर पुष्कळदा तोच असतो!

काही घरांत १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीतल्या आठवणी अजून निघतात. तेव्हा जबरदस्ती झाली, हे खरं आहे. आज संमतीपत्र तुमच्या भाषेत समजावून सांगितलं पाहिजे, आणि ऑपरेशन सुरू होण्याआधी केव्हाही 'नको' म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यामुळे केंद्रातली दुसरी सेवा बंद होत नाही.

भीती वेगळी, उदासी वेगळी. दोन आठवडे झाले तरी रडू येतं, कशात जीव रमत नाही, जगणंच नकोसं वाटतं. बाळंतपण नुकतंच झालंय, घरात कुणी गेलंय, किंवा सासरच्या आग्रहाखातर नाव दिलंय. अशा वेळी थांबावं. नसबंदी ही कायमची गोष्ट आहे. नळी पुन्हा जोडण्याचं ऑपरेशन अवघड, आणि मूल होईलच याची खात्री नाही. तारीख पुढं ढकलता येते, तोवर तांबी आहे, निरोध आहे. मन फार खचलं असेल तर डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीतून बोलता येतं.

आदल्या रात्री धीर यावा म्हणून दारू घेऊ नये, कुणी दिलेली झोपेची गोळीही नको. चालू असलेली औषधं डॉक्टरांना दाखवा. किती तास उपाशी राहायचं ते नर्सबाई सांगतील. जाताना जोडीदाराला बरोबर न्या. टेबलावर भीती वाटली तर सावकाश श्वास घ्या, आणि दुखलं तर तिथल्या तिथं सांगा.