एका गोळीचे चार मालक

सरकारी दवाखान्यातली पॅरासिटामॉलची गोळी रुग्णाला एकच दिसते. औषध भांडारात बसलेल्या माणसाला तिचे चार मालक दिसतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातली गोळी जिल्हा परिषदेची, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या (डीएचओ) ताब्यातली. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातली जिल्हा शल्यचिकित्सकांची (सीएस). जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय असेल तर तिथली गोळी वैद्यकीय शिक्षण विभागाची, आणि गावातल्या नगरपालिकेच्या दवाखान्यातली नगरपालिकेची. पैशाच्या वाटा तर याहून जास्त. राज्याचे नियमित लेखाशीर्ष, राष्ट्रीय आरोग्य अभियान (एनएचएम), जिल्हा नियोजन समिती, जिल्हा परिषदेचा सेस, रुग्ण कल्याण समिती. प्रत्येक वाटेची मागणी वेगळी, फाईल वेगळी, पुरवठादारही बहुधा वेगळा.

मी औषध निर्माण अधिकारी म्हणून पीएचसीत लागलो आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षे जिल्हा भांडारात काढली. एका भांडारात खोकी छताला लागलेली आणि रस्त्यापलीकडच्या भांडारात तेच औषध ‘निरंक’, हा प्रकार इतक्यांदा पाहिला की पुढे त्याचे नवल वाटेनासे झाले. ‘सगळ्यांची खरेदी एकत्र करा, दर उतरेल’ असे प्रत्येक आढावा बैठकीत कुणीतरी म्हणतेच. म्हणणे बरोबर आहे, पण अर्धेच. एकत्र खरेदीच्या आधी एकत्र मोजणी लागते. ती नसेल तर एकत्र निविदेने घोटाळे कमी होत नाहीत, ते फक्त मोठ्या आकड्याचे होतात.

मोजणी का बिघडते ते सांगतो. बहुतेक ठिकाणी वार्षिक मागणी ‘गेल्या वर्षीचा आकडा अधिक दहा टक्के’ या हिशेबाने निघते. गेल्या वर्षीचा आकडा म्हणजे गेल्या वर्षी वाटलेले औषध, लागलेले नव्हे. समजा, सलाईन तीन महिने आलेच नाही. त्या महिन्यांचा वापर नोंदवहीत शून्य. मग पुढच्या वर्षीची मागणीही तेवढ्याने कमी, आणि पुढच्या वर्षी तुटवडा आणखी लवकर. उलटे उदाहरणही आहे. वरून निम्मेच मिळते हे अनुभवाने कळलेला डॉक्टर दुप्पट लिहितो. सगळेच दुप्पट लिहितात, वरचे साहेब सगळ्यांचे सरसकट निम्मे करतात, आणि ज्या बिचाऱ्याने खरा आकडा लिहिला त्याच्या आरोग्य केंद्रात पावसाळ्यात ओआरएस नसते. तेव्हा वर्षाच्या वापराला बाराने भागू नका. औषध हातात होते तेवढ्याच महिन्यांनी भागा आणि मग बाराने गुणा. एवढी एक दुरुस्ती केली तरी मागणीपत्राचे निम्मे खोटेपण जाते.

दुसरी अडचण एककाची. एकदा तालुक्यांच्या मागण्या एकत्र करायला बसलो तेव्हा एका ओळीत ‘100’, दुसरीत ‘1000’, तिसरीत ‘10000’ असे आकडे आले. खाली ‘एकूण’ करून सही मारायची तयारीही झाली होती. फोन करून विचारले तर पहिल्याने खोकी लिहिली होती, दुसऱ्याने पट्ट्या आणि तिसऱ्याने गोळ्या. कागदावर तिघांपुढेही ‘नग’. औषधांच्या नावांचीही तीच गत. कुणी ‘पीसीएम’ लिहितो, कुणी कंपनीचे नाव, कुणी ‘तापाची गोळी 500’. आता ई-औषधी या संगणक प्रणालीमुळे हे पुष्कळ सुधारले आहे, पण त्या प्रणालीत भरणाराही माणूसच, आणि नगरपालिकेची किंवा स्थानिक खरेदीची खोकी त्यात चढतातच असे नाही. म्हणून सगळ्या भांडारांची एकच यादी, एकच संकेतांक, आणि मागणी नेहमी सर्वांत लहान एककात, म्हणजे गोळी, व्हायल, पाकीट यांत. हे काम कंटाळवाणे आहे. निविदा काढण्यात जो मान आहे तो यादी साफ करण्यात नाही, आणि म्हणूनच ते कुणी करत नाही.

लोहाच्या गोळ्यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात किशोरवयीन मुलामुलींची गोळी निळी आणि प्रौढ स्त्रियांची लाल. दोन्हींत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. रंग वेगळा ठेवण्याला कारण आहे, शाळेतले वाटप आणि दवाखान्यातले वाटप यांची सरमिसळ होऊ नये. पण शाळा बंद राहिल्या की निळ्या गोळ्यांची खोकी पडून राहतात, आणि त्याच सुमाराला लाल गोळ्यांसाठी कुणीतरी तातडीची खरेदी काढतो. ‘आतला माल तोच आहे, वरिष्ठांकडून वापराची परवानगी घ्या’ असे सुचवले की उत्तर ठरलेले: हेड, म्हणजे लेखाशीर्ष, वेगळा आहे. मुदत संपलेली गोळी हेड बघत नाही, हे लेखाशाखेला पटवणे अवघड.

आता ‘वरून’ होणाऱ्या खरेदीकडे येतो. तामिळनाडूने 1994 मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. त्याचे कौतुक होते ते दर उतरवल्याबद्दल. माझ्या मते त्यातली खरी हुशारी पासबुकात आहे. प्रत्येक रुग्णालयाच्या नावावर रकमेची मर्यादा ठरलेली, औषध उचलले की पासबुकात वजावट. आपण किती वापरतो हे रुग्णालयाला स्वतःला दिसते, आणि अवाच्या सवा मागण्याची खोड आपोआप सुटते, कारण एका औषधाचे जास्त उचलले तर दुसऱ्याचे पैसे संपतात. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे, पुरवठ्यानंतर प्रत्येक बॅचची तपासणी आणि मगच वाटप, हे त्याच्या जोडीला. आपल्याकडे महाराष्ट्रात 2017 मध्ये आरोग्य संस्थांची औषध खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली गेली, आणि 2023 मध्ये कायदा करून त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आले. व्यवस्था बदलत राहतील. भांडारात बसणाऱ्याने टाळायचा धोका मात्र प्रत्येक व्यवस्थेत तोच राहतो.

तो धोका असा. मध्यवर्ती पुरवठा लांबतो. रुग्ण तर दारात उभे असतात. डॉक्टर निकडीचे प्रमाणपत्र देतात, तीन दरपत्रके मागवली जातात आणि स्थानिक खरेदी होते, अर्थातच चढ्या दराने. ती वाटून संपायच्या आत वरचा ट्रक येतो. दोन्ही साठे एकाच औषधाचे, मुदती जवळजवळच्या. खरेदी एकत्र करून वाचलेले पैसे इथे गेलेच, वर औषधही गेले. आणि त्या तीन दरपत्रकांबद्दल एक सांगून ठेवतो. एका फाईलमध्ये तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर ‘सिरींज’ हा शब्द तीनदा एकाच पद्धतीने चुकलेला होता आणि तिन्ही कागदांना एकाच जागी टाचणीची भोके होती. तुलनात्मक तक्ता मात्र नमुनेदार! नावे सांगत नाही. पण तक्त्यावर सही करण्याआधी कागद उजेडात धरून पाहायला काय हरकत आहे?

स्थानिक खरेदी बंद करा असे मी म्हणत नाही. ती बंद केली तर सर्पदंशाचा रुग्ण रात्री दोन वाजता कुणाकडे जाणार? अंदाजपत्रकातला छोटा हिस्सा संस्थेच्या हातात राहिलाच पाहिजे. फक्त स्थानिक पुरवठा आदेश काढताना वरच्या मागणीतून तेवढी संख्या त्याच दिवशी लेखी कमी करा. हे एक पत्र कुणीही लिहीत नाही. कारण सरळ आहे, आलेला माल कुणाला नको असतो?

नियमांचीही एक गंमत बघा. मोठी खरेदी तुकडे पाडून ई-निविदेच्या मर्यादेखाली आणू नये, हे सरकारी खरेदीचे जुने तत्त्व. राज्याची 1 डिसेंबर 2016 ची खरेदी नियमपुस्तिका प्रत्येक कार्यालयाच्या कपाटात असते. आता डीएचओ, सीएस आणि नगरपालिका या तिघांनी तेच हातमोजे मर्यादेच्या आत, एकाच महिन्यात, आपापले घेतले, तर नियम कुणीच मोडला नाही. लेखापरीक्षणही तिघांचे वेगवेगळे, त्यामुळे परिच्छेद निघत नाही. पण जिल्हा म्हणून पाहिले तर तुकडे पडलेच आणि घाऊक दर हातचा गेलाच. हे दिसू शकते अशी जागा जिल्ह्यात एकच, जिल्हाधिकारी. ते जिल्हा नियोजन समितीचे सदस्य-सचिव असतात आणि तिन्ही कार्यालयांना एका टेबलावर बसवू शकतात. नियोजनचा निधी मागणाऱ्या प्रत्येक औषध प्रस्तावाला इतर भांडारांच्या साठ्याचा दाखला जोडलाच पाहिजे, अशी अट त्यांनी घातली तर बाकीचे आपोआप होते.

एकत्र निविदेत दर कशावर ठरतो याबद्दलही गैरसमज आहे. संख्या मोठी म्हणून दर कमी, हे खरे, पण पुरवठादाराचा त्या संख्येवर विश्वास बसला तरच. दर करार मोठ्या आकड्याचा आणि उचल निम्मी, असे एकदा झाले की पुढच्या निविदेत तो आकडा कुणी धरत नाही. दुसरे म्हणजे बिल. पाच कार्यालये एकाच दराने माल घेणार आणि पैसे मात्र आपापल्या वेळेने देणार, तर दर ठरतो तो सर्वांत उशिरा देणाऱ्याच्या हिशेबाने. आठ-आठ महिने बिल अडवणारा एक भागीदार वेळेवर देणाऱ्या चौघांना महागात पडतो. तेव्हा संयुक्त खरेदीत शिरण्याआधी भागीदारांची थकबाकी विचारा. लाजू नका, पुरवठादाराला ती पाठ असते.

मार्चबद्दल नवीन काय सांगणार? बीडीएसवर, म्हणजे निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर, निधी दिसतो, 31 तारखेच्या आत बिल कोषागारात पडायला हवे, म्हणून वर्षभराचा माल एका आठवड्यात उतरतो. अशा घाईत गोदाम साफ करणाऱ्या पुरवठादाराचे फावते. निविदेतच अट घाला की माल पोहोचेल तेव्हा मुदतीचा फार तर सहावा हिस्साच संपलेला असावा, आणि पुरवठा तिमाही टप्प्यांनी व्हावा. अट असेल तर गेटवरून माल परत पाठवता येतो. नसेल तर सही करावी लागते, आणि मुदत संपल्यावर उत्तर तुम्हालाच द्यावे लागते.

सगळेच एकत्र घेण्यासारखे नसते. सर्पदंशाचे इंजेक्शन एकाच पुरवठादाराच्या भरवशावर ठेवू नये. त्याची एक खेप नापास झाली तर अख्खा जिल्हा उघडा पडतो, म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या निविदाधारकाला त्याच दरात काही हिस्सा द्यावा. प्रयोगशाळेच्या रसायनांत तर एकत्र खरेदी करायला जाल तेव्हा वेळ निघून गेलेली असते. आमच्याकडे तीन रुग्णालयांत रक्ततपासणीची तीन कंपन्यांची यंत्रे होती. त्यांतले एक देणगीत आलेले, फोटो काढून, नारळ फोडून. प्रत्येक यंत्राला त्याच्याच कंपनीचे रसायन लागायचे, एकाचे दुसऱ्याला चालत नसे. फुकटचे यंत्र सर्वांत महाग पडले. समन्वय यंत्र घेताना करायचा असतो, बाटल्या घेताना नाही.

उरला प्रश्न आधीच पडून असलेल्या मालाचा. फार्मासिस्ट मंडळी तो आपापसांत सोडवतातच. प्रत्येक भांडारात एक उसनवारीची वही असते, साहेबांना ठाऊक नसलेली. तुमच्याकडून पाच खोकी नेली, पुढच्या महिन्यात परत. रुग्णांचे त्यात भलेच होते, पण बदली झाली की वही हरवते आणि तूट नव्या माणसाच्या गळ्यात पडते. ही उसनवारी उजळ माथ्याने करा. डीएचओ आणि सीएस यांच्या संयुक्त सहीचा एक कायम आदेश, हस्तांतराची पावती, दोन्हीकडच्या साठा नोंदवहीत नोंद. आणि दर महिन्याला, सहा महिन्यांत मुदत संपणाऱ्या औषधांची यादी जिल्ह्यातल्या सगळ्या भांडारांना. आमच्याकडे असा आदेश निघाला तो एक सीएस आणि एक डीएचओ योगायोगाने एकाच कॉलेजचे निघाले म्हणून. दोघांची बदली झाली तरी आदेश राहिला, कारण तो कागदावर होता.

नोकरीत असलेल्या फार्मासिस्ट भावा-बहिणींना म्हणून एवढीच विनंती आहे: यंदाचे मागणीपत्र वर पाठवण्याआधी शेजारच्या दोन भांडारांची शिल्लक यादी मागवून घ्या. त्यासाठी कोणाचीही मंजुरी लागत नाही.