चिमटा बदलण्याआधी ट्रेल मोजा

भिवंडीतल्या सायकलीला एकाच दिवसात दोन कामं करावी लागतात. धामणकर नाक्यावर ट्रक आणि रिक्षांच्या फटीतून चालत्या माणसाच्या वेगाने वाट काढायची. आणि अंबाडीमार्गे वज्रेश्वरीकडे निघालं की मोकळ्या रस्त्यावर वेग धरायचा. कुणाचं हँडल गर्दीत जड वाटतं, कुणाचं वेगात थरथरतं. अशा वेळी दुकानात बहुधा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, बदलण्याचा सल्ला मिळतो. तो मानण्याआधी पुढच्या चाकाची मांडणी मोजून पाहा. त्यासाठी ओळंबा, सरळ काठी, खडू आणि मोबाइल पुरतो.

ऑफसेट आणि ट्रेल म्हणजे काय?

हँडल ज्या तिरक्या रेषेभोवती फिरतं, ती हेड ट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या अगदी पुढच्या नळीच्या, मधून खाली जमिनीपर्यंत वाढवा. या रेषेपासून चाकाचा ॲक्सल काटकोनात जितका पुढे असतो, तो ऑफसेट. ही रेषा जमिनीला जिथे भेटते, त्या बिंदूच्या थोडं मागे टायर टेकतो. त्या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. गोदामातल्या ट्रॉलीचं फिरतं चाक ढकललं की आपोआप मागे वळून सरळ होतं, तसंच ट्रेलमुळे सायकलचं चाक सरळ राहू पाहतं.

इथेच अनेकांची गल्लत होते. ऑफसेट वाढला की ट्रेल कमी होतो आणि हँडल हलकं होतं. ऑफसेट घटला की ट्रेल वाढतो. वेगात सायकल स्थिर वाटते, पण हळू जाताना हँडल एका बाजूला पडू लागतं.

आधी हे तपासा

टायरमध्ये पुरेशी हवा भरा. चाक फिरवून रिम डगमगते का पाहा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा. खट्‌खट् झाली तर हेडच्या वाट्या ढिल्या असू शकतात. पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवा. मध्यावर अडकलं तर वाट्यांना खड्डे पडलेत. यातलं काही सापडलं तर तेच आधी दुरुस्त करा.

मोजायचं कसं?

1. सपाट फरशीवर सायकल सरळ उभी करून कुणाला तरी धरायला सांगा. हँडल अगदी सरळ ठेवा.

2. मोबाइलमधलं कोन मोजणारं ॲप आधी फरशीवर ठेवून शून्य दाखवतं का बघा. मग मोबाइल हेड ट्यूबला समांतर टेकवून जमिनीशी होणारा कोन लिहून घ्या.

3. ॲक्सलच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ही चाकाची त्रिज्या.

4. बाजूने पाहताना हेड ट्यूबच्या बरोबर मध्यरेषेवर येईल अशी काठी जमिनीपर्यंत धरा. ती जिथे टेकते तिथे खडूने खूण करा.

5. ॲक्सलवरून ओळंबा सोडून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांमधलं पुढेमागे असलेलं अंतर हाच ट्रेल.

6. काठीपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं काटकोनातलं अंतर म्हणजे ऑफसेट.

पडताळा घ्यायचा तर त्रिज्येला कोनाच्या कोसाइनने गुणा, त्यातून ऑफसेट वजा करा आणि उरलेल्याला साइनने भागा. त्रिज्या 340 मिमी, कोन 73 अंश आणि ऑफसेट 45 मिमी असेल तर ट्रेल सुमारे 57 मिमी येतो.

आकडे काय सांगतात?

वरच्याच सायकलला 50 मिमी ऑफसेटचा चिमटा लावला तर ट्रेल 52 मिमी होतो. 40 मिमीचा लावला तर 62. कोन एका अंशाने कमी झाला तर ट्रेल सहा मिमीच्या आसपास वाढतो. म्हणजे साध्या चिमट्याच्या जागी उंच सस्पेन्शनचा चिमटा बसवला की नुसता धक्का कमी होत नाही, पुढचा भाग उचलला जाऊन कोन कमी होतो आणि हँडलचा स्वभावही बदलतो.

जुन्या काळ्या 28 इंची सायकलीत हा फरक जास्त जाणवतो. समजा त्रिज्या 355 मिमी आणि कोन 68 अंश आहे. 75 मिमी ऑफसेट असताना ट्रेल 63 मिमीच्या आसपास असतो. 'साइज तोच आहे' म्हणून 45 मिमी ऑफसेटचा चिमटा बसवला तर तो 95 मिमीवर जातो. पुढे पिशवी लटकवून गल्लीत वळताना हँडल झपकन कलतं ते यामुळेच.

खड्ड्यात आपटल्यावर

समोरून धक्का बसून चिमटा मागे वाकला की ऑफसेट घटतो, ट्रेल वाढतो. वळताना पायाचा अंगठा चाकाला लागू शकतो. धक्क्याने फ्रेमच दबली तर कोन उभा होतो, ट्रेल घटतो आणि हँडल चंचल होतं. हेड ट्यूबच्या मागे, खालच्या नळीवर रंगाला सुरकुती पडली आहे का पाहा. असेल तर नुसता चिमटा बदलून भागणार नाही. ॲल्युमिनियम किंवा कार्बनचा वाकलेला चिमटा कधीही सरळ करून घेऊ नका, थेट बदला.

दुरुस्तीनंतर चिमटा उलटा बसलेला नाही ना, हेही पाहा. ॲक्सल रेषेच्या मागे गेला की पहिल्या उदाहरणातला 57 मिमी ट्रेल दीडशेच्या वर जातो.

ट्रेल म्हणजे सर्वस्व नव्हे

डेव्हिड जोन्स यांनी 1970 मध्ये सायकलींवर प्रयोग करून ट्रेलचं महत्त्व दाखवलं. 2011 मध्ये मात्र संशोधकांनी ट्रेल किंचित उणा असूनही आपोआप तोल सांभाळणारी एक सायकल करून दाखवली. वजन कुठे आहे, यालाही महत्त्व आहे. कॅरिअरवर कापडाचा गठ्ठा सीटच्या मागे लोंबत असेल तर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल सैल वाटतं. गठ्ठा सीटजवळ, शक्य तितका खाली आणि घट्ट बांधा, मगच चिमट्याला दोष द्या.

नवा चिमटा घ्यायला जाताना चाकाचा आकार, हेडच्या नळीचं माप, चिमट्याची उंची आणि ऑफसेट हे चार आकडे कागदावर लिहून न्या. दुकानदार ऑफसेट सांगू शकला नाही, तर तिथेच मोजून घ्या. जुन्याइतका भरला तरच पैसे द्या.